वाचकांचे प्रश्न : विषयाची ओळ आणि उत्तराची रीत

गटातल्या ईमेल-चर्चेविषयी आलेल्या पत्रांमधून सात प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. विचारणारे वाचक वेगवेगळ्या गावांचे आणि वेगवेगळ्या कामांतले आहेत, परंतु बहुतेकांच्या अडचणीचे मूळ एकच दिसते. पत्र लिहिणाऱ्याला आपण कशाविषयी लिहीत आहोत हे पूर्ण ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असेल असे तो धरून चालतो. एका माजी विद्यार्थ्यांच्या ईमेल-गटाचे संयोजन मी चौदा वर्षे केले. त्या कामात जे कळले त्याच्या आधाराने ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेची बरीचशी चर्चा ईमेलवर होते. बहुतेक पत्रांचा विषय ‘महत्त्वाचे’, ‘अर्जंट’ किंवा ‘मीटिंग’ असा असतो. गच्चीच्या दुरुस्तीला ठेकेदाराने किती वर्षांची हमी दिली होती, हे शोधायला मला अलीकडे सबंध दुपार लागली. विषयाची ओळ नेमकी कशी लिहावी? — एक सचिव, ठाणे

आपल्याला ही रीत नवी नाही. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या औपचारिक पत्रात ‘विषय’ ही ओळ असते आणि कार्यालयीन पत्रात तिच्याखाली ‘संदर्भ’ ही दुसरी ओळ येते. आवक-जावक पाहणारा लिपिक पत्राचा सगळा मजकूर न वाचता या दोन ओळींवरून ते कोणत्या टेबलाकडे पाठवायचे ते ठरवू शकतो. ईमेलच्या रचनेतही या दोन्ही ओळी आहेत. १९८२ साली ठरलेल्या ‘आरएफसी ८२२’ या मानकात विषयाला जागा आहे, तशीच आधीच्या पत्राचा संदर्भ नोंदवण्यालाही आहे. फरक एवढाच, की संदर्भ संगणक स्वतः भरतो आणि विषय माणसाने भरायचा असतो. विषय लिहिलाच पाहिजे अशी सक्ती मानकाने केलेली नाही. त्यामुळे तो नीट लिहिणे हे पाठवणाऱ्याच्या सौजन्यावर सोडलेले आहे.

मात्र कागदी पत्रातली एक सवय ईमेलमध्ये जशीच्या तशी आणली तर अडचण होते. मराठी वाक्यात मुख्य गोष्ट शेवटाकडे येते आणि कार्यालयीन विषय तर ‘बाबत’ या शब्दावरच संपतो. ‘आपल्या संस्थेच्या ब इमारतीच्या गच्चीवरील जलरोधक थराच्या दुरुस्तीखर्चास मंजुरी मिळणेबाबत’ ही ओळ कागदावर निर्दोष आहे, परंतु मोबाइलच्या पडद्यावर साधारणपणे पहिली तीस-चाळीस अक्षरेच दिसतात. तेवढ्यात वाचणाऱ्याला ब इमारतीची गच्ची दिसते. तिचे काय झाले आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे त्याला पत्र उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून ईमेलचा विषय लिहिताना वाक्याची ही स्वाभाविक रचना मुद्दाम उलटावी लागते: ‘गच्ची दुरुस्ती, ब इमारत : खर्चाला मंजुरी हवी, १२ जुलैपर्यंत’. आधी बाब, मग ठिकाण, मग वाचणाऱ्याने करायचे काम आणि शेवटी मुदत. ओळ कापली गेलीच तर मुदत कापली जाईल, बाब नाही.

वाचणाऱ्याने काय करायचे हे सांगणाऱ्या शब्दाचा उपयोग लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ अधिक होतो. ‘माहितीसाठी’, ‘मत हवे’, ‘मंजुरी हवी’ आणि ‘निर्णय’ असे चार शब्द आपल्या कार्यकारिणीने ठरवून घेतले आणि प्रत्येक पत्राच्या विषयात त्यांपैकी एक घातला, तर दिवसभर नोकरी करून रात्री पत्रे उघडणाऱ्या सभासदाला कोणते पत्र आज वाचायचे आणि कोणते रविवारी, हे लगेच कळते. ‘महत्त्वाचे’ हा शब्द मात्र विषयातून काढूनच टाकावा. ते पत्र पाठवणाऱ्याला महत्त्वाचे वाटते, यापलीकडे त्यातून काही कळत नाही, आणि दहा पत्रांवर तो शब्द आला की अकराव्या, खरोखर तातडीच्या पत्राला तो उपयोगी पडत नाही.

आता आपल्या शोधाविषयी. ठेकेदाराचे हमीपत्र ज्या दिवशी गटाला पाठवले गेले, त्या दिवशी सर्वांना ते ठाऊक होते, म्हणून पाठवणाऱ्याने विषयात केवळ ‘जोडपत्र’ लिहिले असावे. परंतु असे पत्र ज्याला खरोखर हवे असते तो माणूस दोन-तीन वर्षांनी येतो. तो पुढचा सचिव असतो, नव्याने घर घेतलेला सभासद असतो, किंवा लेखापरीक्षक असतो. त्या दिवसाच्या चर्चेतला एक शब्दही त्याने वाचलेला नसतो आणि शोधाच्या चौकटीत तो ‘हमी’, ‘गच्ची’ किंवा ठेकेदाराचे नाव घालून पाहतो. ‘गच्ची दुरुस्ती, ब इमारत : ठेकेदाराचे हमीपत्र’ ही ओळ त्याच्यासाठी लिहायची असते. विषय लिहून झाल्यावर एकदा स्वतःला विचारावे, की हे पत्र तीन वर्षांनी मला हवे झाले तर मी कोणता शब्द शोधेन? तो शब्द ओळीत नसेल तर घालावा.

प्रश्न : उत्तर देताना विषयाच्या आधी दोन रोमन अक्षरांचे ‘री’ आपोआप लागते. ते पुसून मी ‘उत्तर’ असे लिहितो. हे योग्य आहे का? शिवाय सर्वांचे पत्ते आयते मिळतात म्हणून मी एखाद्या जुन्या पत्रालाच उत्तर देऊन नवा विषय मांडतो. त्यावर एका सभासदाने मला टोकले. त्यात वावगे काय आहे? — एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

‘री’ तसेच राहू द्यावे. ते लॅटिन भाषेतून आले आहे. ‘रेस’ म्हणजे बाब आणि ‘इन रे’ म्हणजे अमुक बाबतीत. म्हणजे आपल्या ‘बाबत’ या शब्दाचे जे काम तेच त्याचे. ईमेलच्या मानकात त्याचा हा अर्थ नोंदवलेला आहे आणि ते एकदाच लावावे असेही सुचवले आहे. ‘री री री’ अशी रांग लागली असेल तर एक ठेवून बाकीची पुसावीत. काही भाषांतल्या ईमेल-सुविधा त्याऐवजी स्वतःचा शब्द लावतात. जर्मन भाषेतल्या ‘आन्टवोर्ट’, म्हणजे उत्तर, या शब्दाची ‘ए डब्ल्यू’ ही अक्षरे आपण जर्मनीतल्या नातेवाइकांच्या पत्रांत पाहिली असतील. असे दोन-तीन भाषांतले शब्द एकाच ओळीत साठत गेले की मूळ विषय उजवीकडे सरकून दिसेनासा होतो. आपण हाताने लिहिलेले ‘उत्तर’ संगणकाला विषयाचाच भाग वाटते आणि जीमेलसारख्या सुविधेत ते पत्र मूळ चर्चेपासून तुटून वेगळे पडते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे. प्रत्येक ईमेलला पाठवतानाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. तो आपल्याला एरवी दिसत नाही. आपण ‘रिप्लाय’ दाबतो तेव्हा मूळ पत्राचा तो क्रमांक आपल्या पत्रात संदर्भ म्हणून नोंदवला जातो आणि त्या आधारावर वाचणाऱ्याच्या संगणकात पत्रांची साखळी जुळते. नवा विषय मांडताना आपण विषयाची ओळ बदलली तरी हा आतला क्रमांक जुनाच राहतो. थंडरबर्डसारख्या सुविधेत आपले नवे पत्र त्या जुन्या, वाचून संपलेल्या चर्चेच्या पोटात जाऊन बसू शकते. जीमेलमध्ये विषय बदलल्यामुळे ते वेगळे दिसते. म्हणजे गटातल्या निम्म्या लोकांना ते पत्र दिसते आणि निम्म्यांना सापडत नाही, आणि लिहिणाऱ्याला याची कल्पनाही येत नाही. विषयाची ओळ न बदलता नवी गोष्ट लिहिणे तर याहूनही वाईट.

ते किती वाईट, हे आमच्या गटात एकदा सर्वांना कळले. एका ज्येष्ठ सहाध्यायाच्या निधनाची वार्ता गटाला कळवली होती आणि दोन दिवस लोक त्यांच्या आठवणी लिहीत होते. तिसऱ्या दिवशी एका सभासदाने स्नेहसंमेलनाच्या वर्गणीची आठवण त्याच पत्राला उत्तर म्हणून पाठवली, कारण सर्वांचे पत्ते असलेले ते सर्वांत वरचे पत्र होते. वडिलांविषयी लोक काय लिहितात हे वाचता यावे म्हणून त्या सहाध्यायाच्या कन्येला आम्ही त्या पत्रव्यवहारात घेतले होते. वडिलांच्या नावाची ओळ पुन्हा वर आलेली पाहून तिने ते उघडले आणि आत वर्गणीचा आकडा आणि बँकेचा खातेक्रमांक होता. तिने तक्रार केली नाही. मी तिला क्षमा मागणारे पत्र लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी गटाच्या पत्त्याची नोंद कशी साठवून ठेवायची हे सर्वांना चित्रांसह कळवले. आपणही एवढेच करावे. गटाचा पत्ता एकदा संपर्कांच्या यादीत साठवला की जुने पत्र शोधण्यापेक्षा नवे पत्र सुरू करणेच सोपे होते.

चर्चा करता करता विषय खरोखरच पालटला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा नवा विषय लिहून पुढे कंसात ‘पूर्वीचा विषय : गच्ची दुरुस्ती’ असे घालावे. पुढच्या एक-दोन उत्तरांनंतर तो कंस काढून टाकला तरी चालतो.

प्रश्न : विषय देवनागरीत लिहावा की रोमन लिपीत? — एक वाचक, बेंगळुरू

देवनागरीतच लिहावा. रोमनची सवय ज्या काळात लागली तेव्हा तिला सबळ कारण होते. ईमेलच्या मथळ्यात मुळात इंग्रजीची मोजकी अक्षरेच चालत. इतर लिप्या सांकेतिक रूपात पाठवण्याची रीत १९९६ पर्यंत मानकात आली होती, परंतु पुष्कळ संगणकांना ती उलगडता येत नसे आणि ‘वार्षिक सभा’ असे लिहिले की पलीकडे प्रश्नचिन्हे आणि बरोबरची चिन्हे यांत अडकलेली रोमन अक्षरांची माळ उमटे. आज ती अडचण उरलेली नाही.

आजची अडचण शोधाची आहे. ‘सभा’, ‘बैठक’, ‘मीटिंग’ आणि ‘मिटींग’ हे संगणकाला चार वेगळे शब्द आहेत, म्हणून गटाने त्यांपैकी एक ठरवून घ्यावा. ‘ॲप’ किंवा ‘ॲडमिशन’ यांतला पहिला स्वर तर दोन तऱ्हांनी टंकला जातो: काही कळफलक ‘अ’ला चंद्र जोडतात, आणि युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात २००८ साली आलेले स्वतंत्र अक्षर काही कळफलक वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण एका तऱ्हेने टंकलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडेलच असे नाही. विषयात शक्यतो असा शब्द टाळावा आणि ‘प्रवेश’ लिहिण्याची सोय असेल तेथे ‘प्रवेश’च लिहावा.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत काही जण उत्तर मूळ पत्राच्या वर लिहितात, काही खाली लिहितात आणि काही मध्ये मध्ये लिहितात. योग्य पद्धत कोणती? — एक कार्यकर्ती, न्यू जर्सी

तिन्ही पद्धतींना त्यांचा इतिहास आहे. पूर्वी मूळ पत्रातल्या प्रत्येक ओळीआधी गणितात ‘पेक्षा मोठे’ दाखवणारे चिन्ह उमटे आणि ज्या वाक्याला उत्तर द्यायचे त्याच्या खाली उत्तर लिहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात मूळ पत्राचा सारांश द्यावा किंवा संदर्भ कळण्यापुरताच भाग ठेवावा, असे सांगितले आहे. पुढे आउटलुकसारख्या कार्यालयीन सुविधा आल्या. त्यांत उत्तर लिहिण्याची जागा मूळ पत्राच्या वर तयार असे, त्यामुळे वर लिहिण्याची सवय रुळली. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर काम करणारी मंडळी मात्र आजही ओळीखाली उत्तर देण्याचाच आग्रह धरतात, कारण त्यांच्या चर्चेत एकेका ओळीवर मतभेद असतो.

माझे मत असे आहे की पत्रात एकच प्रश्न असेल तर उत्तर वर लिहावे आणि एकाहून अधिक प्रश्न असतील तर प्रत्येक प्रश्नाखाली लिहावे. पाडव्याच्या कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. आपण कार्यकारिणीला तीन गोष्टी विचारता: जेवणात श्रीखंड ठेवायचे की पुरणपोळी, सभागृह चार तासांसाठी घ्यायचे की सहा, आणि लहान मुलांचे तिकीट असावे का. त्यावर एकाचे वरच्या वर उत्तर येते, ‘हो, चालेल.’ हे उत्तर मनापासून दिलेले असते, परंतु काय चालेल हे कोणालाच कळत नाही आणि ते विचारण्यासाठी आणखी चार पत्रे होतात. प्रश्नाखाली ‘श्रीखंड’, ‘सहा तास’, ‘दहा वर्षांखालील मुलांना तिकीट नको’ असे लिहिले असते तर त्याला अर्धे मिनिटही जास्त लागले नसते. विचारणाऱ्यानेही प्रश्नांना क्रमांक दिले तर मोबाइलवरून उत्तर देणाऱ्याचे काम हलके होते.

मूळ पत्रातले किती ठेवायचे, याबाबत मात्र मी आग्रही आहे. ज्याला आपण उत्तर देत आहोत तेवढेच ठेवावे, बाकीचे काढावे, आणि मधला भाग काढला असेल तर तेथे तीन टिंबे द्यावीत. दुसऱ्याच्या उद्धृत वाक्यातला एक शब्दही बदलू नये. शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच राहू द्यावी, कारण ते त्याच्या नावावर आहे. ‘अमुक तारखेला अमुक यांनी लिहिले’ ही आपोआप येणारी ओळ पुसू नये. ती पुसली की एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि गैरसमज निस्तरण्यात आठवडा जातो.

आपण परदेशात असल्यामुळे तारखांविषयीही लिहितो. ‘०५/०६’ हे पुण्यातल्या कलाकाराला ५ जून वाटते आणि न्यू जर्सीतल्या सभागृहाच्या व्यवस्थापकाला ६ मे. गटाच्या पत्रात महिना नेहमी अक्षरात लिहावा. वेळेसोबत ठिकाण लिहावे, कारण भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे. ‘परवा’ हा शब्द तर विषयात आणि मजकुरात दोन्हीकडे टाळावा. बोलताना क्रियापदामुळे तो मागचा की पुढचा ते कळते. ‘परवाची सभा’ एवढेच लिहिले तर ती होऊन गेली की व्हायची आहे, हे समजायला मार्ग नाही.

प्रश्न : कोणाचा मुलगा उत्तीर्ण झाला की गटात साठ-सत्तर ‘अभिनंदन’ येतात. त्यात कामाची पत्रे बुडतात. पण मी गप्प राहिलो तर उद्धट ठरेन असे वाटते. काय करावे? — एक वाचक, नागपूर

आपली भीती खोटी नाही. आनंदाच्या वार्तेवर बोलणे आणि दुःखाच्या वार्तेवर भेटून येणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि ती ईमेलमध्ये आल्यामुळे संपावी असे मला मुळीच वाटत नाही. फक्त तिचा पत्ता बदलावा. अभिनंदन ज्याचे करायचे त्याला स्वतंत्र पत्र लिहावे. ‘सर्वांना उत्तर’ या कळीने पाठवलेल्या सत्तर एकशब्दी पत्रांपेक्षा त्या मुलाच्या नावाने आलेली पाच ओळींची सात पत्रे घरी अधिक वेळा वाचली जातील. सांत्वनाचेही तसेच करावे. दिवंगत व्यक्तीविषयी सर्वांनी ऐकावी अशी आठवण असेल तर ती जरूर गटात लिहावी, पण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोनच शब्द पाठवायचे असतील तर कुटुंबाला फोन करावा किंवा व्यक्तिगत पत्र लिहावे.

आपले उत्तर सर्वांना पाठवावे की एकाला, हे ठरवताना आपल्या उत्तराने आणखी कोणाचे काम बदलते का ते पाहावे. सभा रविवारी घ्यावी की शनिवारी याचे उत्तर सर्वांना हवे, कारण सगळ्यांनाच दिवस ठरवायचा आहे. ‘मी येणार आहे’ हे फक्त जेवणाची संख्या मोजणाऱ्याला हवे. संयोजकाने पत्रातच ‘संख्या फक्त मला कळवावी’ असे लिहिले आणि मोठ्या गटाला पत्र पाठवताना सर्वांचे पत्ते बीसीसीत, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात, घातले, तर ही अडचण निम्मी कमी होते. तसे केल्याने सभासदांचे पत्ते एकमेकांना विनाकारण कळतही नाहीत.

ही गोष्ट किरकोळ वाटू नये म्हणून एक जुना प्रसंग सांगतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीत सुमारे १३ हजार पत्ते असलेल्या एका गटात कोणीतरी ‘माझे नाव या यादीतून काढा’ असे सर्वांना लिहिले. त्यावर इतरांनी ‘माझेही काढा’ असे सर्वांनाच लिहिले, मग ‘सर्वांना उत्तरे देणे थांबवा’ असेही सर्वांनाच लिहिले गेले. थोड्याच वेळात दीड कोटीच्या घरात संदेश फिरले आणि कंपनीची ईमेल-यंत्रणा कोलमडली. त्याच कंपनीने मे २०२० मध्ये आपल्या ईमेल-सेवेत यावर एक बंधारा घातला: पाच हजारांहून अधिक लोकांच्या चर्चेत तासाभरात सर्वांना उद्देशून दहा उत्तरे आली, तर पुढची उत्तरे चार तास अडवायची. आपला गट शंभर माणसांचा असेल, तरी लाट आली की काय करायचे ते एकच आहे. त्यावर काहीही लिहू नये. जीमेलमध्ये ती चर्चा ‘म्यूट’ करता येते. मग तिच्यातली नवी पत्रे येत राहतात, पण समोर येत नाहीत.

प्रश्न : एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांसमोर माझ्यावर हिशेबात निष्काळजीपणा केल्याचा ठपका ठेवला. आकडा त्यांचाच चुकला होता. मी उत्तर लिहून ठेवले आहे, अजून पाठवलेले नाही. — एक खजिनदार, पणजी

पाठवले नाही हे फार चांगले झाले. मी वर उल्लेखलेल्या १९९५ च्या दस्तऐवजातही भावनेच्या भरातले उत्तर एक रात्र थांबवावे असा सल्ला आहे, आणि इतक्या वर्षांत मला त्याहून उपयोगी सूचना मिळालेली नाही. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र परत घेण्यासाठी जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात. राग तेवढ्यात उतरत नाही. लिहिलेला मसुदा ठेवावा, पण त्यातला ‘प्रति’चा पत्ता पुसून ठेवावा, म्हणजे चुकून बोट लागले तरी तो जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फोन करावा किंवा व्यक्तिगत पत्र लिहावे आणि योग्य आकडा पावतीसह दाखवावा. बहुतेक वेळा ते स्वतःच गटात दुरुस्ती करतात, आणि ती त्यांच्या हातून झालेली अधिक चांगली. दोन-तीन दिवसांत तसे झाले नाही तर आपण गटाला लिहावे, कारण आपल्या पदाचा आणि सर्वांच्या पैशांचा प्रश्न आहे. त्या पत्राचा विषय मात्र आपण नव्याने लिहावा. ‘निष्काळजीपणाच्या आरोपास उत्तर’ असा विषय लिहिला तर आरोपच पुढची अनेक वर्षे शोधात सापडत राहील. ‘२०२४-२५ चा जमाखर्च : सभागृहभाड्याचा योग्य आकडा’ असा लिहिला तर आकडा सापडेल. मजकुरात आकडा, पावतीचा क्रमांक आणि दिनांक एवढेच असावे. त्यांनी आपल्याला व्यक्तिगत पत्रात जे लिहिले असेल ते त्यांच्या परवानगीशिवाय गटात पाठवू नये, आणि त्यांना लिहिलेल्या पत्राची प्रत गुपचूप बीसीसीने तिसऱ्याला देऊ नये. असे पत्र घेणाऱ्याने ‘सर्वांना उत्तर’ दाबले की ते उघडे पडते, आणि मग हिशेबात आपण बरोबर होता हे कोणी ऐकत नाही.

भाषेविषयी एक बारीक गोष्ट. आपण त्यांना एरवी ‘काका, तुम्ही’ असे लिहीत असाल, तर याच पत्रात अचानक ‘महोदय, आपण’ असे लिहू नये. व्याकरणात आदर वाढतो खरा, पण वाचणाऱ्याला दार लावून घेतल्यासारखे वाटते. नेहमीचेच संबोधन ठेवावे. आणि हे सर्व लिहिताना लक्षात असू द्यावे, की माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिलेली आहे. गटातले पत्र म्हणजे कट्ट्यावरचे बोलणे नव्हे. उद्या ते कोणापुढेही कागद म्हणून ठेवले जाऊ शकते.

प्रश्न : चर्चा संपली आहे हे कोणी आणि कसे सांगावे? आमच्याकडे ती नुसतीच विरून जाते. — एक वाचक, कोल्हापूर

ज्याने विषय मांडला त्यानेच तो मिटवावा. सर्वांची मते आल्यावर त्याने नवे पत्र लिहावे, विषयात ‘निर्णय’ हा शब्द आधी घालावा आणि मजकूर पाच-सहा ओळींच्या पुढे जाऊ देऊ नये: काय ठरले, कोणाचा विरोध नोंदवला गेला, काम कोणाकडे आहे आणि ते केव्हापर्यंत व्हायचे आहे. नवे पत्र लिहावे असे मी म्हणतो त्याला कारण आहे. लांबलेल्या चर्चेच्या शेवटी लिहिलेला निर्णय चाळिसाव्या उत्तराच्या तळाशी जातो, आणि जीमेलमध्ये शंभर पत्रांनंतर साखळी आपोआप तुटते. जुन्या चर्चेतही ‘निर्णय वेगळ्या पत्रात कळवला आहे’ अशी एक ओळ टाकावी, म्हणजे उशिरा येणारा सभासद एकोणचाळीस उत्तरे वाचून चाळिसावे लिहिणार नाही.

अशी ‘निर्णय’ शब्दाची पत्रे वर्षाच्या अखेरीस एकत्र काढून पीडीएफ रूपात साठवावीत आणि पदाधिकारी बदलताना इतिवृत्ताच्या वहीसोबत नव्या सचिवाच्या हाती द्यावीत. ईमेलच्या सेवा कायम राहत नाहीत. अनेक मराठी गटांची पहिली चर्चा ज्या याहू ग्रूप्सवर झाली, ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली, आणि साठवलेला जुना मजकूर तर त्याच्याही आधी काढून टाकला गेला होता. ज्या गटांनी वेळीच प्रती काढल्या होत्या त्यांच्याकडे त्या आहेत. आपल्या गटाची पहिली संचिका याच वर्षीच्या निर्णयांची करता येईल; मागच्या वर्षांची पत्रे ज्या जुन्या सभासदांच्या पेटीत अजून असतील, त्यांना ती पाठवण्याची विनंती करणारे पत्र आजच लिहावे.